रात्रीची राखण

मुलें रिट्रीटला निघालीं कीं आईबाप आम्हांस विचारतात, "प्रवचनें दिवसा होतात, मग रात्र बाहेर कशाला?" या प्रश्नाचें उत्तर संत जॉन बॉस्को यांनीं लिहून ठेवलेल्या आठवणींत सांपडतें.

इटलींतील तुरीन शहरीं, वाल्दोक्को येथें, त्यांनीं प्रथम कांहीं निराश्रित पोरांस गवताच्या माळ्यावर निजविलें. सकाळीं पोरें गेलेलीं, आणि त्यांजबरोबर चादरी-घोंगड्याही! तरी १८४७ च्या मे महिन्यांत पावसानें चिंब झालेला पंधरा वर्षांचा एक पोरका मुलगा दाराशीं आला, तेव्हां त्यांनीं त्यास घरांत घेतलें. त्यांच्या मातोश्री मार्गारीता यांनीं स्वयंपाकघरांत विटांवर फळ्या टाकून अंथरूण केलें, कष्ट, सचोटी व धर्म यांविषयीं त्यास चार शब्द सांगितले, आणि भांडीं जाऊं नयेत म्हणून दाराला कुलूपही लावलें. त्या माउलीचें हें कुलूप आम्हांस फार आवडतें. सालेशियन घरांतून निजण्यापूर्वीं मुलांशीं दोन शब्द बोलण्याची रीत येथूनच सुरू झाली, असें मानतात.

पुढें १८४८ सालीं तेथेंच सुमारें पन्नास मुलांची आठवडाभर रिट्रीट झाली. जेवण सर्वांचें एकत्र. पण खाटा अपुऱ्या, म्हणून कित्येक मुलें रात्रीं घरीं जात. या येण्याजाण्यांत दिवसाची सारी कमाई बुडण्याचा धोका होता, असें बॉस्को स्पष्ट लिहितात. १८५० सालीं त्यांनीं शंभरावर मुलें दूर जियावेनो गांवच्या सेमिनरींत नेलीं. तेथून रात्रीं घर गांठणें शक्यच नव्हतें.