बर्फातून धावणाऱ्या लाटा

अर्नेस्ट शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडाले. त्यानंतर २८ जणांचे हे पथक तरंगत्या बर्फाच्या लादीवर तंबू ठोकून राहिले. बर्फ वाहत वाहत उत्तरेकडे, खुल्या समुद्राच्या दिशेने सरकत होता. ९ एप्रिल १९१६ रोजी लादी दुभंगली आणि पथकाला तीन होड्या पाण्यात लोटाव्या लागल्या. त्या रात्री त्यांनी दुसऱ्या एका लादीवर मुक्काम केला, तर ती नेमकी तंबूखालीच फुटली आणि झोपेच्या पिशवीत असलेला एक खलाशी पाण्यात पडला. शॅकल्टन यांनी त्याला ओढून वर घेतले. ही लादी वितळून फुटली नव्हती. खुल्या समुद्रातून आलेल्या लाटेने ती मोडली होती.

बर्फाने झाकलेला समुद्र शांत असतो, हा सर्वसाधारण समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. मात्र, लाट बर्फाच्या काठाशी येऊन थांबत नाही. ती बर्फाखालून पुढे जात राहते आणि पाण्याबरोबर वरचा बर्फही खाली-वर हेलकावतो. खोल समुद्रात दर ५ सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर, सुमारे ४० मीटर असते. १० सेकंदांच्या लाटेत हे अंतर १५० मीटरच्या पुढे जाते, तर १६ सेकंदांच्या लाटेत ४०० मीटरच्या आसपास पोहोचते. बर्फात शिरल्यावर आखूड लाटा थोड्याच अंतरात विरतात. लांब लाटा मात्र दूरवर पोहोचतात. बर्फ हा एक प्रकारे लाटांची चाळणीच असतो.

लाट का विरते?

याची कारणे प्रामुख्याने दोन. पहिले म्हणजे, लाट प्रत्येक लादीच्या कडेवर आदळते तेव्हा तिच्या ऊर्जेचा काही भाग मागे किंवा बाजूला विखुरतो. लाटेची लांबी आणि लादीचा आकार जवळपास सारखा असल्यास हा परिणाम अधिक होतो. दुसरे म्हणजे, ऊर्जा खर्ची पडते. लाद्या एकमेकींवर आपटतात, बर्फ वाकतो, त्याच्या तळाशी पाण्याचे घर्षण होते. यामुळे लाटेची उंची ठरावीक अंतरात निम्मी होते, पुन्हा तेवढ्याच अंतरात उरलेल्याची निम्मी, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो.

अखंड बर्फाचा विचार गणिती एका पातळ, लवचिक पत्र्याप्रमाणे करतात. ब्रिटिश गणितज्ञ अल्फ्रेड ग्रीनहिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्यावर तरंगणाऱ्या अशा पत्र्यातील लाटांचे समीकरण मांडले. आजची बरीचशी गणिते त्याच पायावर उभी आहेत. या पत्र्याची लवचिकता मात्र फार थोडी असते. बर्फ दाब बऱ्यापैकी सहन करतो, ताण नाही. लाटेच्या शिखरावर बर्फाची वरची बाजू ताणली जाते, तर दरीत खालची. २०० मीटर लांबीची लाट केवळ २० सेंटिमीटर उंच असली, तरी १ मीटर जाडीच्या बर्फाला तडा जाण्याइतका ताण निर्माण होऊ शकतो. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा हेलकावा माणसे उभी असलेली लादी का फोडतो, याचे उत्तर येथे मिळते.

२०१२ मध्ये अंटार्क्टिकाजवळ गेलेल्या एका संशोधन मोहिमेत बर्फाच्या लाद्यांवर लाटा मोजणारी उपकरणे ठेवण्यात आली. न्यूझीलंडच्या अ‍ॅलिसन कोहाउट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ३ मीटरहून उंच वादळी लाटा वरील नियमाने अपेक्षित होते त्यापेक्षा बऱ्याच संथपणे विरतात आणि बर्फाच्या काठापासून शेकडो किलोमीटर आतही बर्फ फोडू शकतात, असे त्यांना आढळले.

घडवणारी आणि मोडणारी

लाट बर्फ केवळ मोडते असे नाही, ती तो घडवतेही. समुद्राचे खारे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. पाणी शांत असेल तर सलग पापुद्रा तयार होतो. खवळलेल्या पाण्यात मात्र बर्फाचे बारीक स्फटिक एकत्र येऊन भाकरीसारखे गोल तुकडे बनतात आणि एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा उचलल्या जातात. याला ‘पॅनकेक’ बर्फ म्हणतात.

उन्हाळ्यात चित्र पालटते. फुटलेल्या लहान लाद्या चहूबाजूंनी वितळतात, त्यामुळे मोकळे पाणी वाढते. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला लांब पल्ला मिळतो, म्हणून लाटा मोठ्या होतात आणि अधिक बर्फ फोडतात. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकमधील बर्फाचे क्षेत्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर या नीचांकावर आले. त्याच महिन्यात एका वादळात ब्यूफोर्ट समुद्रात सुमारे ५ मीटर उंचीच्या लाटांची नोंद झाली.

अंटार्क्टिकात या चक्राचा धोका निराळा आहे. तेथे किनाऱ्याला जोडलेली, समुद्रावर तरंगणारी जाड हिमपठारे आहेत आणि त्यांच्यापुढील सागरी बर्फ लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याचे काम करतो. २००२ मध्ये ‘लार्सन बी’ हिमपठाराचे सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर क्षेत्र महिनाभराच्या सुमारास कोसळले. वितळलेल्या पाण्याने ते आधीच कमकुवत झाले होते. सागरी बर्फाचा बंधारा नाहीसा झाल्यावर लांब लाटांनी त्याला अखेरचा धक्का दिला, असे रॉब मॅसम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. तरंगते हिमपठार कोसळल्याने समुद्राची पातळी थेट फारशी वाढत नाही. पण त्यामागे थोपून राहिलेल्या हिमनद्या वेगाने समुद्रात उतरू लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेल्याने या संशोधनाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

भारताच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या अंटार्क्टिकातील केंद्रांकडे जाणाऱ्या जहाजांनाही हाच पट्टा पार करावा लागतो. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमांचे आयोजन करते. उपग्रहांमुळे बर्फाचा काठ कोठे आहे, हे आता रोजच्या रोज कळते. मात्र, काठाच्या आत लाट किती दूरवर जाईल, हे केवळ त्या नकाशावरून सांगता येत नाही. बर्फाची जाडी, लाद्यांचा आकार आणि लाटेची लांबी या तिन्हींचा हिशेब त्यासाठी मांडावा लागतो. वरून घट्ट दिसणाऱ्या बर्फावर तळ ठोकणाऱ्यांसाठी तो हिशेब आजही तितकाच मोलाचा आहे.