पॅलेटच्या लाकडाचं टीपॉय करताय? आधी शिक्का वाचा

कळंबोलीत लोखंड-पोलाद बाजार, जवळच न्हावा शेवा बंदर. माल उतरला की मागे उरतात लाकडी पॅलेट्स. घरच्या घरी टीपॉय किंवा बाकडं करायला हे लाकूड स्वस्त पडतं.

पण घेण्याआधी शिक्का शोधा. आयात-निर्यातीच्या लाकडी पॅकिंगवर 'आयएसपीएम 15' या आंतरराष्ट्रीय नियमानुसार गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा कोड (भारताचा 'आयएन') आणि प्रक्रियेची इंग्रजी अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं. हे चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते सोडून द्या. लहान मुलांच्या फर्निचरसाठी तर नकोच.

शिक्का सांगतो तो फक्त किडीच्या बंदोबस्ताबद्दल. नंतर त्या लाकडावर काय सांडलं, हे त्यावरून कळत नाही. तेलाचे डाग किंवा रसायनाचा वास असेल, तर 'एचटी' असूनही नको. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला शिक्का लागत नाही. तिथे बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा बघा, म्हणजे कीड आहे.

पॅलेटचे खिळे बरेचदा पिळाचे असतात. ओढून काढले की फळी चिरते. त्यापेक्षा फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळाच कापा. रंधा मारण्याआधी फळीवरून चुंबक फिरवा, आत राहिलेला तुकडा पात्याची धार घालवतो. आणि घासताना मास्क लावा.