तळटीप : ‘समाजस्वास्थ्य’मधील प्रश्नोत्तरे

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या या मासिकात लैंगिक शिक्षण बरेचसे वाचकांच्या पत्रांतून घडले, हे ध्यानात घ्यावे. घरी, शाळेत, डॉक्टरांनाही जे विचारता येत नव्हते ते लोक इथे विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. हस्तमैथुनासंबंधीच्या अशाच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला चालला, बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहूनही शिक्षा झालीच. असल्या मजकुराने मनात नसलेली वासना जागी होते, हा आक्षेप आजही शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर घेतला जातो. पण इथे प्रश्न आधी आला होता, उत्तर मागाहून. मासिक गप्प राहिले असते, तर त्याच घाबरलेल्या वाचकाला गुप्तरोगांवरच्या औषधांच्या जाहिरातीने उत्तर दिले असते, तेही त्याची भीती वाढवून.