भोरच्या वेशीवर थांबलेला कायदा

राजगड-तोरण्याच्या लढाया शाळेत पाठ करून घेतल्या. गडाखालच्या बाळंतिणीचा इतिहास कुणी सांगितला नाय. तो मी रातपाळीनंतर वाचून काढला.

1928 साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेब बोलले : बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळावा, यात देशाचंच हित आहे. 1929 ला कायदा झाला. पण कारखान्यातल्या बायांपुरता. आणि भोर तर संस्थान, ब्रिटिश मुलखाचा कायदा इथं लागूच नव्हता. 1948 ला संस्थान विलीन झालं. 1961 ला देशाचा कायदा आला, तरी भाताची लावणी करणारी बाई त्यात बसेना.

माझी आय वेल्ह्याकडची. पाठचा भाऊ पंधरा दिवसांचा, तेव्हा ती चिखलात उभी. पोरगं बांधावर, घोंगडीखाली. अंगावर दूध होतं, पाजायला सवड नव्हती. भाऊ जगला, उशिरा चालला, उशिरा बोलला. लोक म्हणाले, नशीब.

नशीब कसलं? 2017 ला नोकरीवालीची पगारी रजा 26 आठवडे झाली. रोजंदारीवालीला पहिल्या खेपेला 5,000 रुपये, तेही हप्त्यांनी. वाटणी पाळण्यातच होते. बाबासाहेबांचं बोलणं अजून बांधावर पोचायचंय.