दोन डेनिस आणि एक खडीसाखर

भाऊबंदकीतले मोठे वाद मिटतात. उरतात ते किरकोळ. जमिनीची वाटणी होऊन दोन पिढ्या गेल्या तरी लोणच्याची मूळ कृती कोणत्या घरची, हा वाद लग्नाच्या पंगतीत हटकून निघतो. इंग्लंड आणि अमेरिका यांचे असेच आहे. १७७६ साली धाकट्या घराने वेगळी चूल मांडली. १८१४ मध्ये तर थोरल्याच्या सैन्याने धाकट्याच्या राजधानीत शिरून अध्यक्षांचा वाडाच जाळला. ते वैर आता कोणी मनात धरीत नाही. परंतु चॉकलेट कोणाचे चांगले आणि मुलांची चित्रकथा कोणाची खरी, असे विचारा, की दोन्हीकडची वयस्क माणसे बाह्या सरसावून उभी राहतात.

प्रथम शब्दच घ्या. इंग्रज मूल मागते ते ‘स्वीट्स’. अमेरिकन मूल मागते ती ‘कँडी’. इंग्रज ज्याला ‘बिस्किट’ म्हणतो ती अमेरिकनाची ‘कुकी’, आणि अमेरिकन ‘बिस्किट’ म्हणजे रश्शाबरोबर खायचा मऊ पाव! ‘चिप्स’ मागवले तर लंडनमध्ये बटाट्याच्या गरम तळलेल्या फोडी येतात, न्यूयॉर्कमध्ये कुरकुरीत काप, ज्यांना आपण वेफर म्हणतो. या भांडणात आपण तटस्थ राहावे हे बरे. पण एक गोष्ट अभिमानाने सांगायला हरकत नाही. ‘कँडी’ हा शब्द आपल्या ‘खंड’ शब्दाचा दूरचा वंशज आहे. संस्कृतातला खंड फारसीत ‘कंद’ झाला, अरबीत ‘कंदी’ झाला आणि फ्रेंचांच्या हातून इंग्रजीत उतरला. ‘शुगर’ ही तशीच आपली शर्करा. म्हणजे ज्या खडीसाखरेवरून दोन घरे भांडतात, तिचे नाव तरी आपल्याच कोठारातून गेले.

आता चॉकलेट. इंग्लंडात हा धंदा क्वेकर पंथाच्या लोकांनी वाढवला. ब्रिस्टलचे फ्राय, बर्मिंगहॅमचे कॅडबरी, यॉर्कचे राउंट्री ही तिन्ही घराणी त्या पंथाची. दारूपेक्षा कोको बरा, अशी त्यांची भावना. फ्राय यांनी १८४७ साली खाण्याच्या चॉकलेटची वडी पाडली. कॅडबरींची ‘डेअरी मिल्क’ १९०५ ची. अमेरिकेत मिल्टन हर्शी यांनी १९०० साली आपली दुधाची वडी बाजारात आणली आणि पुढे पेनसिल्व्हेनियात कारखान्याभोवती गावच वसवले. इंग्रज म्हणतो, हर्शीची वडी आंबूस लागते. रसायनशास्त्रज्ञ यासाठी ब्यूटिरिक आम्लाकडे बोट दाखवतात. खवट लोण्यात असते तेच हे आम्ल. अमेरिकन उत्तर देतो, आम्हांला चॉकलेटची चव म्हणून लहानपणापासून हीच ठाऊक, तुमचेच मिळमिळीत!

यात आणखी एक गोंधळ आहे, तो एका बापलेकांनी घातला. फ्रँक मार्स यांनी १९२३ साली अमेरिकेत ‘मिल्की वे’ नावाची वडी काढली. मुलगा फॉरेस्ट याचे बापाशी पटेना. तो इंग्लंडात गेला आणि १९३२ साली स्लाउ गावी त्याने बापाच्या वडीसारखीच वडी काढून तिला घराण्याचे नाव दिले, ‘मार्स’. पुढे तीन वर्षांनी इंग्लंडात ‘मिल्की वे’ही निघाली, पण ती अमेरिकेतल्या ‘थ्री मस्केटिअर्स’च्या जातीची. तेव्हापासून अटलांटिक ओलांडून गेलेला मनुष्य नाव वाचून वडी घेतो आणि तोंडात भलतीच चव येते. ‘स्मार्टीज’चेही तसेच. इंग्रजांच्या स्मार्टीज म्हणजे रंगीत कवचातले चॉकलेट. अमेरिकनांच्या म्हणजे आंबटगोड साखरेच्या चकत्या.

इथवर सगळी गंमत आहे. पण या थट्टेच्या तळाशी एक न विसरलेले दुःख आहे, आणि ते दुसऱ्या महायुद्धातले. २६ जुलै १९४२ रोजी ब्रिटनमध्ये मिठाई आणि चॉकलेट रेशनवर आले. बराच काळ प्रमाण होते माणशी चार आठवड्यांना १२ औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. त्याच वर्षी अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये उतरू लागले. १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली. त्यांचा पगार इंग्रज शिपायापेक्षा कितीतरी अधिक, आणि खिशात चॉकलेट नि चघळण्याचा गम. खेड्यापाड्यांतली पोरे त्यांच्यामागे गम मागत धावत. अमेरिकेच्या युद्धखात्याने आपल्या सैनिकांना एक छोटी पुस्तिकाच दिली होती. यजमानांपुढे पगाराची बढाई मारू नका, त्यांच्या फाटक्या संसाराला हसू नका, असे तीत बजावले होते. पाहुण्याला असे समजवावे लागते, तेव्हा यजमानाची अवस्था काय असेल!

अमेरिकेतही साखरेचे रेशन होते, पण ते १९४७ साली उठले. ब्रिटनने युद्ध जिंकले तरी त्याचे डबे रिकामेच राहिले. २४ एप्रिल १९४९ रोजी मिठाईवरचे निर्बंध उठवून पाहिले. लोकांनी दुकाने अशी साफ केली की ऑगस्टात सरकारला ते पुन्हा लावावे लागले. अखेर ५ फेब्रुवारी १९५३ रोजी मिठाई मोकळी झाली, आणि साखर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. हिशेब करून पाहा. रेशन सुरू झाले त्या महिन्यात जन्मलेले मूल १९५३ साली दहा वर्षे उलटून अकराव्यात होते. कूपन न दाखवता, हवी ती आणि हवी तितकी गोळी उचलण्याचे सुख त्याला एरवी माहीतच नव्हते. मधल्या त्या तीनचार महिन्यांपुरते काय मिळाले असेल तेवढेच. अशा माणसाला पुढे आयुष्यभर टॉफीची चव न्यारी लागली, तर त्याला कोण हसणार?

चित्रकथांतही हीच भूक दिसते. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून १९३७ साली ‘डँडी’ आणि १९३८ साली ‘बीनो’ ही मुलांची साप्ताहिके निघाली. त्याच १९३८ साली अमेरिकेत ‘सुपरमॅन’ आकाशात उडाला. अमेरिकन नायक जगाला वाचवी. डंडीच्या चित्रांतल्या पोरांचे बक्षीस असे पोटभर जेवण, बटाट्याच्या लगद्याच्या डोंगरात खोवलेले सॉसेज. युद्धात कागदही तुटपुंजा झाला, तेव्हा दोन्ही साप्ताहिके आळीपाळीने पंधरवड्याला निघू लागली. ‘डँडी’चा लाडका डॅन हा तर चक्क अमेरिकेतला गुराखी. मांसाचे अगडबंब पक्वान्न, शिंगांसकट, तो एका बैठकीत फस्त करी. डंडीच्या चित्रकारांच्या लेखी अमेरिका म्हणजे भरलेले ताट!

आणि मग १२ मार्च १९५१ हा दिवस उजाडला. त्या दिवशी अमेरिकेतल्या सोळा वर्तमानपत्रांत हँक केचम यांचा ‘डेनिस द मेनेस’ अवतरला. आणि त्याच दिवशी ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या ‘बीनो’च्या अंकात डेव्हिड लॉ यांनी काढलेला ‘डेनिस द मेनेस’! नाव तेच, दिवस तोच, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही. अमेरिकन डेनिस सोनेरी केसांचा. शेजारच्या विल्सनकाकांना मदत करायला जातो आणि त्यांचे नुकसान करून येतो. इंग्रज डेनिसचे केस ताठ काळे. तो खोडी जाणूनबुजून काढी आणि शेवटच्या चौकटीत बहुधा वडिलांची सपाता खाई. कोणता डेनिस खरा, हा वाद दोन्ही देशांत आजही रंगतो.

मोठ्यांची भीती मात्र दोन्हीकडे एकच होती. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगोच्या एका दफनभूमीत शेकडो मुले लोखंडी दातांच्या पिशाच्चाला शोधायला जमली. दोष गेला अमेरिकन भयकथांच्या चित्रपुस्तकांवर, आणि १९५५ साली ब्रिटिश संसदेने त्यांविरुद्ध कायदा केला. पण अमेरिकेतही १९५४ साली सिनेटच्या समितीपुढे याच पुस्तकांची चौकशी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली घालून घेतली. आईबापांची काळजी दोन्ही घरांत सारखीच.

पुढे काळाने वाटण्याच उलटसुलट केल्या. आपल्या घरी कोणतेही चॉकलेट ‘कॅडबरी’च असते, ती कॅडबरी २०१० साली क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने घेतली. अमेरिकेत मात्र कॅडबरी बनवण्याचा हक्क हर्शीकडे. २०१५ साली हर्शीने एका आयातदाराशी तडजोड करून इंग्लंडात बनलेल्या कॅडबरीची तिकडची आयात थांबवली, तेव्हा अमेरिकेत स्थायिक झालेले इंग्रज हळहळले. वेष्टनावर नाव तेच असले तरी आतली वडी त्यांच्या लहानपणची नव्हती.

वाचकहो, आपल्याकडेही रेशनच्या रांगेत साखरेसाठी उभी राहिलेली पिढी अजून आहे. यंदा फराळाच्या ताटावर आजी म्हणाली की आमच्या वेळच्या करंजीची सर हिला नाही, तर पाककृतीवरून वाद घालू नका. तेव्हा साखर किती मिळे, एवढे विचारा. करंजी खात खात पुढची हकीकत ती आपणहून सांगेल.