वर्ध्यात पेपर आला नाही

तारीख ६ जानेवारी १९४३. वर्धा स्टेशनाबाहेर थंडी मी मी म्हणतेय. कापसाच्या बंड्या जिनिंगच्या दिशेनं चालल्यात, त्यांच्यातून वाट काढत तुम्ही पेपरवाल्यापाशी पोचता.

‘आज पेपर निघालाच नाई जी.’

एका उपोषणाची बातमी छापायला सरकारनं बंदी घातली, म्हणून संपादकांनी हरताळ पुकारलाय. तो उपोषण करणारा माणूस इथून पाचेक मैलांवर, सेवाग्रामात आहे. निघा पायीच.

आश्रमात गांधीजी नाहीत. ऑगस्टपासून ते पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध आहेत. इथं आहेत प्रा. जयकृष्ण भणसाळी, उपोषणाचा ५७वा दिवस. या माणसानं एके काळी मौनासाठी ओठ तांब्याच्या तारेनं शिवून घेतले होते. अशा माणसाला भूक दाखवून भिववणार कोण?

त्यांचं मागणं ऐका. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला आणि आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जमावानं पोलिस आणि अधिकारी मारले. चिमुरात मग लष्कर आलं. घरातले पुरुष पकडून नेले, आणि मागे राहिलेल्या बायकांनी अत्याचाराच्या तक्रारी सांगितल्या. डॉ. मुंजे आणि रमाबाई तांबे गावात जाऊन त्या ऐकून आले. भणसाळी म्हणतात, निःपक्ष चौकशी करा. बस, एवढंच.

त्यासाठी ते दिल्लीला जाऊन आले, व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीतले आपले यवतमाळचे बापूजी अणे यांच्या दारात बसले. तिथून सरकारनं त्यांना सेवाग्रामात पाठवलं. ते चिमूरला पायी निघाले, पोलिसांनी परत आणलं. सरकारचं म्हणणं, चौकशीची गरज नाही. ज्यांच्यावर आरोप, त्यांच्याच धन्यानं हा निवाडा द्यायचा आणि भारत संरक्षण नियमांचा बडगा दाखवून त्याची चर्चाही थांबवायची. न्यायाधीश, वकील, दप्तर, कशाचीच गरज उरली नाही.

पण त्याच गावांच्या आरोपींसाठी कायदा केवढा तत्पर! विशेष न्यायालयं, झटपट खटले, फाशीच्या शिक्षा. जमावानं माणसं मारली, त्याचा खटला चालायलाच हवा होता, हे मी मान्य करतो. माझं भांडण दुसऱ्या पारड्याशी आहे. त्यात काहीच टाकलं गेलं नाही.

जूनपर्यंत थांबलात तर आणखी एक गंमत बघाल. फेडरल कोर्ट विशेष न्यायालयांचा वटहुकूम बेकायदा ठरवील, आणि सरकार लगोलग दुसरा काढून दिलेल्या शिक्षा कायम करून घेईल. कोर्टानं खोडायचं, सरकारनं पुन्हा गिरवायचं.

तूर्त १२ जानेवारी उजाडते. डॉ. ना. भा. खरे मध्यस्थी करतात, बातम्यांवरची बंदी उठते, आणि ६३व्या दिवशी भणसाळी उपोषण सोडतात. चौकशी मात्र मिळत नाही.

पुढे अनसूयाबाई काळे आणि इतरांनी रान उठवलं. आष्टी-चिमूरच्या शिल्लक राहिलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेवर आल्या. चिमूरच्या बायकांच्या तक्रारींची निःपक्ष चौकशी त्या सरकारनं शेवटपर्यंत केली नाही.