पन्नासाव्या ब्रिगेडची वंशावळ

मराठी वाचकाचा लष्करी इतिहासाशी परिचय होतो तो बहुधा पलटणींच्या वाटेने. पलटणीला युद्धघोष असतो, रणसन्मानांची यादी असते, पिढ्यान्‌पिढ्या तीत भरती होणारी गावे असतात. ब्रिगेडचे तसे नाही. तीन-चार पलटणी, थोडा तोफखाना, एक सेनापती आणि एक क्रमांक, एवढेच तिचे भांडवल. त्यातही पलटणी येतात नि जातात. टिकतो तो क्रमांक. मग अशा रचनेला वंशावळ असते असे म्हणता येईल काय? भारतीय सैन्यातील पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडचा इतिहास वाचताना आम्हांला हा प्रश्न पडला, आणि त्याच्या मागोमाग आपल्या स्मरणातली एक मोठी गळती ध्यानात आली.

ही ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिली. आरंभीच्या पलटणी तीन: १५१ ब्रिटिश, १५२ भारतीय आणि १५३ गुरखा. वर्षभरातच ब्रिटिश पलटण मध्यपूर्वेकडे गेली आणि तिच्या जागी १५४ गुरखा आली. म्हणजे पहिली लढाई होण्यापूर्वीच मूळ तिघींपैकी एक गेलेली! ही ब्रिगेड पुढे नेहमी अशीच बदलत राहिली.

तिची पहिली मोठी लढाई मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे झाली. छत्रीधारी सैनिक तेथे आकाशातून उतरले नव्हते. साध्या पायदळासारखे डोंगर चढून गेले होते. इंफाळच्या ईशान्येचा हा मुलूख शांत समजला जात होता. तेथील ४९वी ब्रिगेड दक्षिणेकडे हलवली गेली आणि तिची एक पलटण, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी, मागे राहिली ती ब्रिगेडियर होप-थॉमसन यांच्या हाताखाली आली. एकोणीस मार्चपासून जपानी एकतिसाव्या डिव्हिजनच्या तुकड्या येऊन थडकल्या. उखरूलजवळच्या टेकडीवर १५२व्या पलटणीची एक कंपनी जवळजवळ संपूर्ण गारद झाली. मग मराठे, गुरखे, भारतीय छत्रीधारी, नेपाळच्या काली बहादूर पलटणीच्या कंपन्या आणि पहाडी तोफा असे सारे सांगशाकच्या टेकडीवर एकवटले. जागा जेमतेम आठशे यार्ड लांब, चारशे यार्ड रुंद. खाली खडक, त्यामुळे खंदक खोल जाईनात. काटेरी तारा नव्हत्या. विमानांनी टाकलेली रसद आणि पाणी बव्हंशी शत्रूच्या बाजूला पडत होते. टेकडीवरच्या चर्चभोवती हातघाई झाली. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला, तोवर सुमारे सहाशे माणसे कामास आली, जखमी झाली वा हाती लागली होती.

एका ठार झालेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशे आणि हुकूमनामे सापडले. संपूर्ण डिव्हिजन कोहिमावर चालून जात असल्याचे त्यांवरून उघड होत होते. ते कागद शत्रूच्या फळीतून पायी इंफाळला पोचवले गेले. सांगशाकला शत्रूचे जे दिवस खर्ची पडले ते ४ एप्रिलला सुरू झालेल्या कोहिमाच्या लढाईत बचावकर्त्यांना मिळाले. तरीही ब्रिगेडच्या वाट्याला त्या वेळी आली ती बदनामी. सेनापतीला दूर करण्यात आले. पलटणीची बाजू मांडायला तिची रेजिमेंट तरी असते. सैरभैर झालेल्या ब्रिगेडची बाजू कोण मांडणार? त्यातून १५२वी पलटण पुढे दुभंगून नव्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आणि ती रेजिमेंटही १९४६ मध्ये मोडली. साक्षीदार म्हणून उरला तो क्रमांकच.

फाळणीत ब्रिगेड भारताकडे आली. १९४७ अखेरीस ती जम्मू भागात लढत होती, सेनापती ब्रिगेडियर परांजपे. डिसेंबरात झांगर पडले. परांजप्यांनंतर ब्रिगेडियर महंमद उस्मान आले. मूळचे बलूच रेजिमेंटचे हे अधिकारी पाकिस्तानात न जाता येथेच राहिले होते. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेरा राखले गेले, १८ मार्चला झांगर परत मिळाले आणि ३ जुलैला तेथेच तोफगोळ्याने उस्मान पडले.

झांगर परत घेणाऱ्यांत ३ (पॅरा) मराठा लाइट इन्फन्ट्री होती. आमचा मुद्दा आहे तो या पलटणीबद्दल. १७९७ मध्ये मुंबई इलाख्यात उभी राहिलेली ही पलटण. १० जुलै १९४४ रोजी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेलेले, माणगावात ज्यांचा पुतळा आहे ते यशवंत घाडगे याच पलटणीचे. १५ एप्रिल १९५२ ला ती नव्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा झाली. मराठा रेजिमेंटच्या क्रमवारीत तिसरा आकडा रिकामा राहिला. ‘मराठा’ हा शब्द नव्या नावात कंसात गेला, आणि कंसातले वाचायची सवय आपल्याला नाही. दत्तक गेलेल्या मुलाचे नाव जसे मूळ घराच्या कुलवृत्तांतातून गळते, तसे काहीसे येथे झाले आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण गोवा. डिसेंबर १९६१ मध्ये ब्रिगेड आग्र्याहून बेळगावी आली. म्हणजे मराठा रेजिमेंटच्याच गावी. मुख्य चढाई सतराव्या डिव्हिजनने करायची आणि पन्नासाव्या ब्रिगेडने उत्तरेकडून दुय्यम रेटा द्यायचा, अशी योजना होती. ब्रिगेडियर सगतसिंग मूळचे छत्रीधारी नव्हते. चाळिशी उलटल्यावर त्यांनी विमानातून उड्या मारण्याचे शिक्षण घेतले. त्यांनी दुय्यम कामगिरी दुय्यम राहू दिली नाही. १८ तारखेला दोडामार्गाहून निघालेली ब्रिगेड त्याच संध्याकाळी मांडवीच्या तीरावर बेतीला होती आणि १९ च्या सकाळी पणजीत. २ पॅरा पूर्वेच्या वाटेने फोंड्याकडे गेली. गोवामुक्तीवरील मराठी लेखनात सत्याग्रहींच्या हकिगती विपुल आहेत, त्या असायलाच हव्यात. पण फोंड्यात शिरलेली ती पलटण घाडग्यांची होती, ही जोडणी आमच्या वाचनात आलेली नाही.

मालदीवला ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री गेलेली ब्रिगेडियर बुलसारांची मोहीमही याच क्रमांकाची. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

अकरा डिसेंबर १९७१ च्या दुपारी २ पॅराचे सैनिक टांगाईलजवळ विमानांतून उतरले. जमालपुराहून ढाक्याकडे हटणाऱ्या शत्रूची वाट तोडण्यासाठी पूंगलीचा पूल घ्यायचा होता. संध्याकाळपर्यंत पूल हाती आला. जमिनीवरून पुढे सरकत त्यांना येऊन मिळालेली पलटण होती १ मराठा लाइट इन्फन्ट्री. एकाच रेजिमेंटची पहिली आणि पूर्वाश्रमीची तिसरी, अशी त्या पुलाशी गाठ पडली, आणि सोळा तारखेला ढाक्यात प्रथम शिरली ती २ पॅरा.